ओव्हनचं तापमान चुकतंय? सेन्सर मागवण्याआधी तो मोजा

नानकटाई खालून करपते आणि वरून पांढरी राहते. कणकेचे बाफले बाहेरून लाल दिसतात, फोडले तर आत पिठूळ. केक तासभर ठेवला तरी मध्ये सुरी घातली की ओलीच निघते. दोन-तीनदा असं झालं की घरात कुणीतरी म्हणतं, ‘सेन्सर गेला असेल’, आणि नवा पार्ट मागवला जातो. तो बसवल्यावरही पुष्कळदा दुखणं तसंच राहतं, कारण दोष सेन्सरच्या सांध्यात, दाराच्या रबरात किंवा कार्डावरच्या (ओव्हन चालवणाऱ्या सर्किटच्या पाटीवरच्या) रिलेत, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये असतो. सेन्सर चांगला की खराब हे वाटीभर कुटलेला बर्फ, भांडंभर उकळतं पाणी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्या सामानावर घरच्या घरी कळतं. मोजल्याशिवाय पार्टवर पैसे घालू नका.

आधी आपला ओव्हन कोणत्या जातीचा ते ओळखा

नॉब फिरवून तापमान लावायचं आणि कुठेही आकडे उमटत नाहीत, असा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. तिथे थर्मोस्टॅट असतो. लहान ओटीजीत तो दोन धातूंच्या पट्टीचा, तर मोठ्यात बारीक नळीचा असतो. या नळीच्या टोकाला द्रव भरलेली छोटी कांडी असते. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

भिंतीतल्या कपाटात बसवलेल्या, आकडे दाखवणाऱ्या विजेच्या ओव्हनमध्ये बहुधा प्लॅटिनमचा सेन्सर असतो. मागच्या भिंतीतून आत डोकावणारी, पेन्सिलीपेक्षा बारीक अशी स्टीलची कांडी म्हणजे तोच. त्याला पीटी-१००० किंवा पीटी-५०० म्हणतात, कारण शून्य अंशाला त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) १००० किंवा ५०० ओहम असतो. तापमान वाढलं की रोध वाढतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुतेक वेळा एनटीसी थर्मिस्टर नावाचा सेन्सर असतो. त्याची चाल उलटी आहे, तापमान वाढलं की रोध घटतो.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मायक्रोवेव्हचं वरचं झाकण घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरीही. आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरात चार्ज होतो आणि तो चार्ज उरला असेल तर एका स्पर्शात जीव जाऊ शकतो. शिवाय झाकण नीट बसलं नाही तर किरणांची गळती होऊ शकते. मायक्रोवेव्ह असेल तर खाली दिलेल्या बाहेरून करायच्या तपासण्या करा, आकडे लिहून ठेवा आणि ते मेकॅनिकच्या हाती द्या. सेन्सर काढून मोजण्याचा भाग कपाटात बसवलेल्या ओव्हनसाठी आहे.

खरंच चुकतंय का, हे आधी पाहा

ओव्हनमध्ये ठेवायचा डायलचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. मधल्या जाळीच्या बरोबर मध्यावर ठेवा, भिंतीला किंवा ट्रेला टेकवू नका. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर ठेवा, मायक्रोवेव्ह मोडमध्ये धातूचा थर्मामीटर चालत नाही. रिकामा ओव्हन १८० वर लावा. ‘तयार’ची बीप वाजली म्हणून लगेच वाचायला जाऊ नका. त्या वेळी फक्त हवा तापलेली असते, भिंती अजून थंड असतात. बीपनंतर आणखी २० मिनिटं जाऊ द्या, मग दर पाच मिनिटांनी काचेतून सहा वेळा आकडा वाचून कागदावर लिहा. दार उघडू नका, एकदा उघडलं की वीस-तीस अंश सहज पडतात.

सहाही आकडे सारखे येणार नाहीत, येऊही नयेत. हीटर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे तापमान १० ते १५ अंश वर-खाली झुलतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढा. १९२ आणि १७० दिसलं तर मध्य १८१, म्हणजे ओव्हन ठणठणीत आहे. मध्य दहा अंशांच्या आत असेल तर सेन्सरला हात लावायचं कारण नाही. बऱ्याच ओव्हनच्या सेटिंगमध्ये तापमान थोडं वर-खाली सरकवायची सोय असते, ती वापरा. मध्य २०-२५ अंशांनी चुकत असेल किंवा दर खेपेला वेगळाच येत असेल, तर पुढे जा. रोज बदलणारी चूक त्या सेटिंगनं झाकायचा प्रयत्न करू नका. दुखणं तिथेच राहतं आणि पुढच्या तपासणीत आकडे जुळेनासे होतात.

थर्मामीटर हाताशी नसेल तर साखर उपयोगी पडते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. चमचाभर साखर ॲल्युमिनियम फॉइलच्या वाटीत घालून १८० वर पंधरा मिनिटं ठेवा, ती दाणेदार राहायला हवी. मग ओव्हन १९० वर न्या, पंधरा मिनिटांत ती वितळायला हवी. १८० लाच पाक झाला तर ओव्हन जास्त तापतोय, १९० लाही दाणे कोरडे राहिले तर कमी. अंदाज एवढाच मिळतो, पण दिशा नक्की कळते.

सेन्सरचा दोष नसतानाही हेच घडतं

ट्रे जास्त आत ढकलला गेला की तो सेन्सरच्या कांडीला टेकतो आणि सेन्सर हवेऐवजी ट्रेचं तापमान सांगायला लागतो. कांडी वाकून भिंतीला चिकटली तरी तेच. तळाशी फॉइल अंथरायची सवय असेल तर ती सोडा. उष्णता तिथे अडते, तळ जास्त तापतो आणि वरचा भाग कच्चा राहतो.

दाराचं रबर कागदाच्या पट्टीनं तपासा. ओव्हन थंड असताना पट्टी दारात धरून दार लावा आणि हळूच ओढा. थोडी अडकून यायला हवी. चारही बाजूंना बघा. काही ओव्हनमध्ये खालच्या बाजूला हवेसाठी मुद्दाम फट ठेवलेली असते, तिला दोष समजू नका.

व्होल्टेजही बघा. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरलं तर २००० वॉटचा हीटर फक्त १५०० वॉटच्या आसपास उष्णता देतो. वॉट सरळ हिशेबानं नव्हे, व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटतात, म्हणून तेरा टक्के व्होल्टेज गेलं की जवळजवळ चौथा हिस्सा वॉट जातात. अशा वेळी ओव्हन तापायला फार वेळ घेतो, पण शेवटी ठरलेल्या आकड्यावर पोचतो. उशीर होतो, आकडा चुकत नाही. हा फरक ध्यानात ठेवला तर उन्हाळ्यात भलत्या पार्टमागे धावावं लागत नाही.

स्क्रीनवर एरर कोड येत असेल तर पुस्तिका काढा. सेन्सर तुटला आणि सेन्सर शॉर्ट झाला, यांना बहुतेक कंपन्या दोन वेगळे कोड देतात आणि ते कंपनीगणिक बदलतात. दुसऱ्या कंपनीच्या कोडवरून अंदाज बांधू नका.

ओव्हन सुरू न करताच तापत असेल, किंवा बंद केल्यावरही हीटर लाल राहत असेल, तर तो सेन्सर नव्हे. कार्डावरचा रिले चिकटला आहे. एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) खाली करा आणि दुरुस्ती होईपर्यंत वर करू नका.

सेन्सर बाहेर काढून मोजणं

आधी एमसीबी खाली करा. १६ अँपिअरचा प्लग असेल तर तोही काढा. निदान तासभर थंड होऊ द्या. कपाटातून ओव्हन ओढायचा असेल तर दार उघडल्यावर चौकटीत दिसणारे दोन किंवा चार स्क्रू काढावे लागतात. वजन ३० किलोच्या पुढे असतं, तेव्हा दोघांनी मिळून धरा आणि खाली जाड चादर घाला.

काही ओव्हनमध्ये सेन्सर आतल्या बाजूनं दोन स्क्रूंनी धरलेला असतो आणि तिथूनच निघतो. तो ओढण्याआधी एक काम करा. वायर भिंतीतून जेवढी बाहेर येईल तेवढी सावकाश घ्या आणि कनेक्टर दिसताच मागच्या वायरला चिकटपट्टी लावून ती आतल्या भिंतीला चिकटवा. हे राहून गेलं आणि वायर मागे घसरली, की पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खा मागचा पत्रा उघडावा लागतो.

आता कनेक्टर उजेडात धरा आणि नीट बघा, कारण निम्म्याहून अधिक गोष्टी इथेच कळतात. चांगल्या कनेक्टरचं प्लास्टिक दुधी पांढरं असतं. सतत तापलेलं प्लास्टिक आधी चहासारखं पिवळट होतं, मग तपकिरी, आणि नखानं दाबलं की त्याचा तुकडा उडतो. आतल्या पिनांची चकाकी गेलेली असते, टोकाला काळपट पापुद्रा दिसतो. मेकॅनिक याला ‘कार्बन धरला’ म्हणतात. वायरीवर उंदराचे दात किंवा झुरळांची घाण आहे का तेही पाहा. ओव्हनमागची ऊब त्यांना आवडते.

मल्टिमीटर २००० ओहमवर लावा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करा. मग सेन्सरच्या दोन टोकांना पिना लावा. धातू बोटांनी धरू नका. पीटी-१००० असेल तर १५ अंशांच्या थंडीत सुमारे १०५८ ओहम, २५ ला १०९७ आणि इंदूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघर ४० वर असताना ११५५ ओहम दिसायला हवेत. पीटी-५०० चे आकडे बरोबर याच्या निम्मे. मीटरवर ‘ओएल’ (आकडा रेंजबाहेर) किंवा नुसता ‘१’ राहिला तर आतली तार तुटली आहे. आकडा शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे.

त्यानंतर मीटर सगळ्यात वरच्या रेंजवर न्या. एक पिन वायरीच्या टोकाला आणि दुसरी स्टीलच्या कांडीला लावा. इथे ‘ओएल’च यायला हवं. कोणताही आकडा आला तर आत ओल किंवा भेग आहे आणि तो सेन्सर गेला.

खोलीच्या तापमानाला आकडा बरोबर आला म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका. आत केसाएवढी भेग असलेला सेन्सर थंडीत नीट बोलतो आणि तापला की तुटतो. म्हणून मीटर जोडलेला ठेवून केस वाळवायच्या ड्रायरनं कांडी तापवा. आकडा सावकाश, सलग चढत गेला पाहिजे. मध्येच उडी मारून ‘ओएल’ झाला आणि परत आला, तर तोच तुमचा चोर. कधी एरर, कधी नीट, अशी तक्रार बहुधा याचमुळे असते.

बर्फ आणि उकळतं पाणी

खोलीचं तापमान नेमकं किती हे आपल्याला क्वचितच ठाऊक असतं. स्वस्त मीटरही या रेंजमध्ये आठ-दहा ओहम इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणजे दोन-अडीच अंश. त्यापेक्षा निसर्गाचे दोन पक्के आकडे घ्या.

बर्फ बारीक कुटून पेल्यात भरा, तो जेमतेम भिजेल एवढंच पाणी घाला आणि दोन मिनिटं ढवळा. कांडीचं टोक चार-पाच सेंटिमीटर आत बुडवा. जिथून वायर निघते तो मागचा भाग कोरडा राहिला पाहिजे. आकडा स्थिर झाला की लिहा, पीटी-१००० ला १००० ओहम यायला हवेत. मग पाणी खळखळ उकळवा आणि टोक तसंच बुडवा. भांड्याच्या तळाला टेकवू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. पुस्तकात १०० अंशांचा १३८५ ओहम हा आकडा असतो. इथे १३७७ च्या जवळ आला तर तो बरोबर आहे, सेन्सरला दोष देऊ नका.

खरा निकाल दोन आकड्यांतल्या फरकावरून लावा. तो ३७७ च्या आसपास हवा. मीटर थोडा खोटा असला तरी दोन्ही वेळा सारखाच खोटा असतो, म्हणून फरक बऱ्यापैकी खरा राहतो. फरक बरोबर आणि दोन्ही आकडे सारखेच वाढीव असतील, तर तारेत किंवा सांध्यात कुठेतरी जास्तीचा रोध घुसला आहे किंवा मीटर खोटा आहे. १००० ओहमचा एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा छोटा पार्ट, एक टक्क्याच्या आत अचूक) मोजून मीटरचा खरेपणा तपासता येतो.

कार्बन धरला की ओव्हन कच्चं का भाजतो

१८० च्या सुमाराला पीटी-१००० चा रोध दर अंशाला ३.७ ओहमनं वाढतो. काळवंडलेल्या कनेक्टरनं ४० ओहमची भर घातली की कार्डाला ओव्हन ११ अंशांनी जास्त गरम वाटतो. तो हीटर लवकर तोडतो आणि तुमचे बाफले आत कच्चे राहतात. म्हणजे प्लॅटिनमच्या सेन्सरवर सांधा खराब झाला तर ओव्हन थंड पडतो. एनटीसीत उलट होतं. १०० किलोओहमचा एनटीसी २०० अंशांना जेमतेम ७०० ओहमवर आलेला असतो. तिथे ५० ओहमची भर पडली तर कार्डाला ओव्हन चारेक अंशांनी थंड वाटतो, हीटर जास्त वेळ चालतो आणि पदार्थ करपतो.

पावसाळ्यातल्या ओलीचा खेळ वेगळाच. ओलीमुळे कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये चोरवाट तयार होते. पीटी-१००० चा रोधच कमी असल्यानं त्याला ती फारशी जाणवत नाही. एनटीसी थंड असताना मात्र फसतो. त्याचा रोध १०० किलोओहम आणि ओलीचाही तेवढाच असेल तर कार्डाला ५० किलोओहम दिसतात आणि गार ओव्हन ४० अंशांवर आहे असं वाटतं. तापल्यावर तोच बरोबर बोलतो. थंड असताना खोटं आणि तापल्यावर खरं, असं लक्षण दिसलं तर कनेक्टर वाळवणं पुरतं. एनटीसीचा आकडा ऋतूप्रमाणे फार बदलतो हेही मेकॅनिकचा कागद वाचताना लक्षात असू द्या. सर्वसाधारण १०० किलोओहमचा एनटीसी १५ अंशांना १५८, तर ४० अंशांना ५३ किलोओहमच्या आसपास असतो. दोन्ही आकडे निरोगी आहेत.

सेन्सर चांगला निघाला, तरी एरर आहे

मग कार्ड किंवा मधली वायर. इंदूरच्या जेल रोडवरच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १.१ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर चिल्लर पैशांत मिळतो. वीज बंद असताना तो सेन्सरच्या जागी कनेक्टरला लावा, पत्रा बसवा आणि मग वीज द्या. पीटी-१००० च्या कार्डाला हे २६ अंशांसारखं दिसतं, तेव्हा एरर जायला हवी. गेली नाही तर कार्ड किंवा हार्नेस (मधली वायर) दोषी. फक्त स्क्रीन पाहा, भाजायचा कुठलाही मोड सुरू करू नका. रेझिस्टर कधीच तापत नाही, त्यामुळे कार्डाला ओव्हन कायम थंडच वाटेल आणि हीटर थांबणारच नाही. पाहून झालं की एमसीबी खाली करून रेझिस्टर लगेच काढा.

बदलताना

दुकानात ‘ओव्हनचा सेन्सर द्या’ एवढं म्हणू नका. मॉडेल नंबर, बर्फातला आकडा, कांडीची लांबी आणि कनेक्टरचा फोटो घेऊन जा. पीटी-१००० च्या जागी पीटी-५०० बसवला तर कार्ड लगेच एरर देतं. पण कांडी दोन सेंटिमीटर आखूड असेल तर एरर येत नाही. तापमान कायमचं चुकत राहतं आणि कारण सापडत नाही. नवा सेन्सर बसवण्याआधी त्यालाही बर्फात मोजा.

कनेक्टर जळलेला असेल तर तोही बदला. पिना घासून तात्पुरतं काम होईल, पण पापुद्रा पुन्हा धरतो. सांधा शिशाच्या सोल्डरनं करू नका, साधं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) पक्कडीनं घट्ट दाबून क्रिम्प करा आणि वर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा. पीव्हीसीची वायर आणि काळी टेप ओव्हनच्या पाठीवर महिनाभरही टिकत नाहीत. वायर हीटरच्या टोकांपासून लांब न्या आणि थोडी ढिली ठेवा. स्क्रू कसताना कांडी पिळू नका, आतली तार केसासारखी बारीक असते.

ओटीजीच्या थर्मोस्टॅटचं

आधी नॉब काढून पाहा. तिची आतली खाच झिजली असेल तर नॉब फिरते पण दांडी जागची हलत नाही. नवी नॉब पुरते. नळीचा थर्मोस्टॅट असेल तर टोकाची कांडी क्लिपमध्ये आहे का बघा. क्लिपमधून सुटून ती हीटरला टेकली तर ओव्हन लवकर बंद पडतो, कोपऱ्यात पडली तर जास्त तापतो. नळीला भेग पडून द्रव गेला असेल तर बऱ्याच साध्या थर्मोस्टॅटचा संपर्क तुटतच नाही आणि ओटीजी तापतच राहतो. ही नळी सांधता येत नाही, अख्खा थर्मोस्टॅट त्याच रेंजचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घ्या. इंदूरला महाराणी रोडच्या बाजारात जुना नमुना दाखवून शोधता येईल. हीटर अजिबात तापत नसेल तर थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा भाग) उडालेला असू शकतो. तो जोडून टाकून काम चालवू नका. तो का उडाला ते शोधा. घराला आग लागण्यापासून वाचवणारा तो शेवटचा भाग आहे.

सगळं परत बसवल्यावर ओव्हन रिकामा ठेवून २०० वर अर्धा तास चालवा. नव्या कांडीवरच्या तेलाचा वास आणि थोडा धूर पहिली दहा मिनिटं येतो, खिडकी उघडी ठेवा. मग ओव्हन १८० वर आणा, थर्मामीटर मध्यावर ठेवा आणि तेच सहा आकडे पुन्हा लिहा. आधीच्या आकड्यांशेजारी, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, तारखेसह.